बुंदी, पार्किंगमधली मांजरं आणि आमचा पिंजरा

आजूबाजूच्या सोसायट्यांमधून आता सारखे फोन येतात, ताई आमच्या जिन्याखाली मांजर व्यायलीये काय करू, नाहीतर आम्ही रस्त्यावरचं कुत्रं घरी आणलंय पण ते पलंगाखालून बाहेरच यायला तयार नाही. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, लोकलमध्ये तर अर्धा आवाज तुटतो, म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी डॉक्टर नाही. डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीला जाते, घरी मी, आई, आमची कुत्री बुंदी आणि चिंगी मांजर, आणि खाली पार्किंगमध्ये बाकीची मांजरं. जे केलं आणि जे डॉक्टरांकडून शिकले तेवढंच सांगतेय.

बुंदी शिळफाट्याच्या बाजूला सापडली होती, गाडीने उडवलेली, मागचा एक पाय मोडलेला. ज्या मुलीने तिला उचललं तिने एक्सरे प्लास्टर सगळं केलं, पाय जुळेपर्यंत स्वतःच्या घरी ठेवलं आणि मग कायमचं घर शोधायला घेतलं. आमच्याकडे आली तेव्हा वर्षाच्या आतबाहेरची असेल. आली ती सरळ दिवाणाखाली गेली. आणि तिथेच राहिली. झाडू उचलला की तिची जागेवरच लघवी व्हायची, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला दारात आला की भिंतीला चिकटून थरथरायची, चपलेचा आवाजसुद्धा चालायचा नाही. आईला वाटायचं हिला आपण आवडलो नाही. तसं नसतं हो. अशा कुत्र्यांबद्दल काम करणारे लोक तीन-तीन-तीन सांगतात, पहिले तीन दिवस नुसतं भेदरलेलं असणं, तीन आठवड्यांत घराची वेळापत्रकं कळणं, आणि तीन महिन्यांत हे आपलं घर आहे असं वाटायला लागणं. हा अंदाज आहे, बुंदीला याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, आणि तो तिला देणं एवढंच आपल्या हातात असतं.

आम्ही तिला ओढून कधीच बाहेर काढलं नाही. पाणी आणि जेवण दिवाणाच्या तोंडाशी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. घरी आलेल्या पाहुण्यांना आधीच सांगायचं की वाकून बघू नका, हात घालू नका, यू यू करू नका. मी रात्री जेवण झालं की दिवाणाकडे पाठ करून खाली बसायचे, मोबाईल बघत, आणि मागे हात करून तळव्यावर उकडलेल्या चिकनच्या लिव्हरचा तुकडा ठेवायचे. बरेच दिवस तो तुकडा तसाच वाळून जायचा. मग एका रात्री मागून गरम श्वास लागला हाताला, मी हललेच नाही, तिने मान जेवढी लांब करता येईल तेवढी केली होती, पुढचे पाय बाहेर आणि मागचे दोन्ही दिवाणाखाली पक्के रोवलेले, पळायची तयारी ठेवून. तुकडा उचलला आणि गेली आत. आई किचनच्या दारात उभी राहून बघत होती, तिच्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवसापासून लिव्हर आणायचं काम आईने स्वतःकडे घेतलं, आमच्या घरात तोपर्यंत आई चिकनच्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती.

त्यातच तिचं खाणं एकदम बंद झालं. हिरड्या पांढरट दिसत होत्या, अंग गरम. डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट खूप खाली, टिक फिव्हर. गोचिडांमधून होतो हा, आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये सर्रास दिसतो आणि पावसाळ्यात जास्तच. डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि कुत्रं दोनचार दिवसांत उड्या मारायला लागलं तरी तो पूर्ण करायचा असतो, हे सगळ्यांना कळकळीने सांगते कारण बरेच जण मध्येच सोडतात आणि मग परत उलटतं. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, उलटी होते. त्यामुळे कुत्रं नवीन आणलं की ते कितीही ठणठणीत दिसू दे, एकदा रक्त तपासून घ्या, जंताचं औषध आणि रेबीजची लस डॉक्टर सांगतील तशी, आणि हिरड्यांचा रंग रोज बघायची सवय लावा.

दुसरं महत्त्वाचं म्हणजे पट्टा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून घेतं आणि पळतं, आणि नवीन जागेतून पळालेलं कुत्रं परत यायला त्याला घर माहितीच नसतं. म्हणून पहिले काही महिने हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोन्हीला वेगळी दोरी, आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. आम्ही तिला रात्री साडेअकराला काढायचो, गल्ली शांत झाल्यावर. सकाळी रिक्षांची रांग असते तिथून तिला नेणं म्हणजे अत्याचार होता. आता ती सकाळी सहालाच येते, पण रिक्षास्टँड आलं की अजूनही माझ्या डाव्या बाजूला येऊन चिकटते आणि मी पण बाजू बदलत नाही.

आता मांजरं. खरं तर बुंदीमुळेच मी मांजरांकडे नीट बघायला लागले, कारण रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये जे चालतं ते दिवसा कोणाला दिसतच नाही. कोण कोणाच्या मागे आहे, कोणती भाटी, म्हणजे मादी मांजर, माजावर आलीये, कोणत्या गाडीखाली पिल्लं आहेत. वॉचमन काका त्यांना खूप आधीपासून खायला घालत होते, नावंही त्यांचीच, पाटलीणबाई ही म्हातारी तिरंगी मांजर, काळू बोका, सुंठी, टिपू. चार घरांतून दूध-पोळी यायची, मासेवाली मावशी बाजार उठला की डोकी द्यायची. सगळे प्रेमाने करत होते. पण दर काही महिन्यांनी पिल्लं, आणि त्यातली बरीचशी मरायची, गाडीखाली नाहीतर रोगाने, आणि उरलेल्यांतल्या माद्या पाचेक महिन्यांच्या झाल्या की त्याच गाभण. मांजराचा गाभणकाळ जेमतेम दोन महिने असतो, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती परत गाभण राहू शकते. म्हणजे खायला घालून आपण ज्यांना जगवतोय त्यांच्याच पोटी मरायला पिल्लं येतायत. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की नुसता वाडगा भरून ठेवण्यात समाधान वाटत नाही. माझं तर ठाम मत झालंय की नसबंदीचं ऑपरेशन हेच मुख्य काम, खायला घालणं हा त्याचा एक भाग.

सोसायटीची मीटिंग झाली. तक्रारी खऱ्याच होत्या, बाईकच्या सीट फाडतात, बोके टायरवर मुततात, रात्री रडल्यासारखं ओरडतात, तळमजल्याच्या काकूंच्या ओट्यावरून मासा पळवला. सेक्रेटरी काका म्हणाले पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येऊ. मी भांडले नाही, मी २०२३ चे अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल रूल्स, म्हणजे भटक्या प्राण्यांबद्दलचे केंद्र सरकारचे नियम, छापून नेले होते. त्यात लिहिलंय की आपल्या आवारातल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था सोसायटीनेच लावायची, जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी, वेळ ठरवायची, आणि खायला घालणाऱ्याने घाण ठेवायची नाही. हे शेवटचं मी मुद्दाम मोठ्याने वाचलं कारण ते आमच्यावर बंधन होतं आणि ते पाळायची माझी तयारी होती. मग सांगितलं की जे ओरडणं, मारामाऱ्या, वासाचं मुतणं आहे ते सगळं माजामुळे आहे, बोक्यांचं ऑपरेशन झालं की ते बहुतेक थांबतं. आणि इथली हलवली तर जागा रिकामी राहत नाही, कचरा आहे, उंदीर आहेत, आडोसा आहे, दुसरी येतात, तीही ऑपरेशन न झालेली. काकूंनी विचारलं खर्च कोणाचा. मी म्हटलं सुरुवात माझी, ज्यांना द्यायचंय त्यांनी द्या. पहिले पैसे त्याच काकूंनी दिले, ओट्यावरचा मासा गेलेल्या. त्यांच्या खिडकीला आम्ही जाळी पण लावून दिली.

मध्यंतरी २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हा परत खाडीपलीकडची भाषा सुरू झाली, कोर्टानेच सांगितलंय सगळ्यांना उचला. ११ तारखेला तसं म्हटलं होतं खरं, पण २२ तारखेला तो आदेश बदलला, नसबंदी आणि लस करून परत त्याच भागात सोडायचं, रेबीजची शंका असलेले किंवा चावरे सोडून. आणि हे सगळं कुत्र्यांबद्दल होतं. वर्तमानपत्राचं कात्रण नोटीस बोर्डावर लावलं, विषय थांबला.

पकडायची पद्धत नीट सांगते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. पिंजरा लागतो तो आत पाय पडला की दार पडणारा, उंदराचा नाही, मांजराचा, लांबट. प्राण्यांच्या संस्थांकडे डिपॉझिट भरून मिळतो, आम्ही नंतर वर्गणी काढून स्वतःचाच घेतला. पहिले काही दिवस दार वर बांधून ठेवायचं आणि त्यांचं रोजचं खाणं पिंजऱ्यातच द्यायचं, आधी तोंडाशी, मग मध्ये, मग पार मागे. तळाला वर्तमानपत्र घाला, जाळीवर पाय ठेवायला त्यांना आवडत नाही. ज्या दिवशी पकडायचं त्याच्या आदल्या रात्री सगळ्या घरांत सांगून ठेवायचं की आज कोणी काही घालू नका, कारण भुलीच्या आधी मोठ्या मांजराचं पोट रिकामं हवं आणि भूक नसेल तर ती आत येतच नाही. आमिष वासाचं हवं, तळलेला बांगडा सगळ्यात बेस्ट. वासापुरता चिमूटभर आत, बस.

दार पडलं की मांजर वेड्यासारखी धडका मारते, नाक सोलून घेते. त्या क्षणी जुनी चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाकायची. अंधार झाला की दोन मिनिटांत गप्प होते. चादर हातात घेऊनच उभं राहा, शोधायला जाऊ नका. डॉक्टरांची वेळ आधी घेतलेली हवी, रिक्षावाला ओळखीचा हवा. मादी असेल तर आधी बघून घ्या दूध उतरलेलं आहे का, पिल्लं लहान असतील तर ती खायला लागेपर्यंत थांबा, नाहीतर आई दवाखान्यात आणि पिल्लं गाडीखाली उपाशी.

भुलीतच डॉक्टर डाव्या कानाचं टोक सरळ कापतात, बघवत नाही पहिल्यांदा, पण त्यामुळे लांबूनच कळतं की हिचं झालंय आणि तीच मांजर परत पकडून उगाच पोट फाडलं जात नाही. त्याच वेळी रेबीजची लस पण करून घेते. बोका साधारण दुसऱ्या दिवशी सोडता येतो, मादीला डॉक्टर म्हणतील तितके दिवस ठेवायचं, टाके बघून. आमच्याकडे ठेवायची जागा म्हणजे मीटररूमच्या बाजूचा कोपरा, वॉचमन काका रात्री उठून उठून बघायचे. सोडायचं जिथून उचललं तिथेच, सकाळी. पाटलीणबाईला सोडलं तेव्हा ती पिंजऱ्यातून निघाली, रागाने आमच्याकडे बघितलं, आणि सरळ तिच्या नेहमीच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसली, आणि ज्यांची ती स्कूटर आहे त्यांनी त्यानंतर सीटवर गोणपाट टाकून ठेवायला सुरुवात केली.

एका पावसाळ्यात आमची पिल्लं गेली, ते लिहिताना अजूनही जड जातं. आधी एक खायचं थांबलं, पाण्याच्या वाडग्यावर मान टाकून बसलेलं, पण पीत नाही. मग उलट्या, जुलाब. सलाईन लावून, रात्रभर गरम पाण्याच्या बाटल्या लावून एकच वाचलं. पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा पार्व्हो म्हणतात. हा विषाणू फरशीवर, गोणपाटावर महिनोन्‌महिने जिवंत राहतो, नुसत्या साबणाने जात नाही. डॉक्टरांनी ब्लीच पातळ करून धुवायला सांगितलं, मांजरं लांब ठेवून, मग भरपूर पाण्याने. आणि त्याच वेळी कळलं की सोसायटीत रोज फरशी पुसतात ते फिनेल मांजरांना विषारी असतं, पायाला लागतं आणि ती पाय चाटतात. ते बंद केलं. जे वाचलं ते माझ्याच घरी राहिलं, नाव चिंगी, आणि पुढच्या पिल्लांना वेळेवर ट्रायकॅट लस द्यायला लागलो, तिच्यात पॅनल्यूकोपेनिया येतो.

चिंगी वर आली म्हणजे बुंदीचा प्रश्न आला. आम्ही घाई केली नाही. चिंगी बेडरूममध्ये बंद, बुंदी बाहेर, आधी नुसती एकमेकींची फडकी बदलायची, चिंगीचं बुंदीच्या गादीवर, बुंदीचं चिंगीच्या खोक्यात. मग दाराला बेबी गेट. बुंदीने चिंगीकडे बघितलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं की लगेच लिव्हर. टक लावून ताठ उभी राहिली तर काही न बोलता अंतर वाढवायचं. पाठलाग एकदाही होऊ द्यायचा नाही, कारण पळणाऱ्या मांजरामागे धावण्यात कुत्र्याला जी मजा येते ती लिव्हरपेक्षा मोठी असते. आणि मांजराला वर चढायला जागा ठेवा, कपाटावर, फळीवर, जिथे कुत्रं पोचणार नाही. आता दोघी एकाच गादीवर झोपतात, चिंगी मध्यभागी आणि बुंदी कडेला.

कुत्रा-मांजर एकत्र असणाऱ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर घालायची काही औषधं आणि पावडरी असतात त्यात परमेथ्रिन असतं, ते मांजराचा जीव घेऊ शकतं, नुसतं अंगाला अंग लागून, चाटून. डब्यावर बारीक अक्षरात असतं, वाचा, दुकानदाराला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. बुंदीला आता पोटात द्यायची गोळी देतो. तसंच पॅरासिटामॉल. ताप आला म्हणून माणसाची अर्धी गोळी मांजराला देणारे चांगले शिकलेले लोक मी पाहिलेत, एका गोळीने मांजर मरतं.

खाण्याचं थोडक्यात. बुंदीला भात, चिकन, लाल भोपळा, कधी दही, मीठमसाला नाही, कांदा-लसूण तर बिलकुल नाही. मांजरांना दूध-पोळीवर ठेवू नका. त्यांना टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांसमच्छीतूनच मिळतं, नाही मिळालं तर डोळे आणि हृदय जातं, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. मावशीकडची डोकी आम्ही उकडून, काटे काढून देतो, बाकी कोरडं कॅट फूड. अर्ध्या तासाने वाडगे उचलून जागा धुवायची. पाणी मात्र कायम. आणि गाडीवाल्यांनो, सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, थंडीत आणि पावसात ती इंजिनपाशी जाऊन बसतात.

चावलं, ओरखडलं तर. सुंठीला पिंजऱ्यातून काढताना मला तिने मनगटावर चांगलंच ओरखडलं होतं. वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, हळद चुना काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. मांजराचा ओरखडासुद्धा त्यात येतो. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात लस फुकट मिळते. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, म्हणून घरचंच मांजर आहे, काही होत नाही, असं म्हणायचं नाही. हे काम नेहमी करणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी, मग चावल्यावर दोनच डोस लागतात, त्याच दिवशी आणि त्यानंतर तीन दिवसांनी. वॉचमन काकांनी आणि मी दोघांनी घेतली आहे.

दिवाळीत बुंदीला संध्याकाळच्या आत फिरवून आणतो, दोन्ही पट्टे घालून, मग बाथरूममध्ये तिची गादी, एक्झॉस्ट फॅन चालू, आई बाहेर स्टूल टाकून विष्णुसहस्रनाम लावून बसते. बुंदी आता त्या आवाजाला झोपते. काही कुत्र्यांना औषध लागतं, ते डॉक्टरांशी आठवडाभर आधी बोलून ठेवा, ऐन लक्ष्मीपूजनाला दवाखाने बंद असतात.

सध्या पार्किंगमधल्या सगळ्यांचे कान कापलेले आहेत, काळूचा सोडून. काळू भरपूर हुशार आहे, पिंजऱ्याच्या दारात बसून बाकीच्यांना आत जाताना बघतो. आणि मागच्या आठवड्यात गल्लीतून एक काळी-पांढरी भाटी आली आहे, कान अखंड, पोट थोडं दिसतंय, गाभण आहे की जंतांनी फुगलंय ते डॉक्टर बघतील. शनिवारची वेळ घेतली आहे, पिंजरा कालपासून दार बांधून ठेवलाय, ती मधल्या वर्तमानपत्रापर्यंत येऊन खाते आहे. शेजारच्या सोसायटीला पिंजरा हवा होता, त्यांना तो पुढच्या सोमवारी मिळेल, चादर त्यातच ठेवली असेल.